मांडीवरचा डाग

६ डिसें.
दवाखान्यातून घरी, ताडकळसला. डाव्या पोटरीत रक्ताची गाठ. रक्त पातळ करायच्या गोळीचा आज तिसरा दिवस. डॉ. चं बोलणं डोक्यातून जाईना: "बाई, गोळी चुकवू नका. गाठ सुटून छातीत गेली तर वेळ मिळत नाही." शाळेत महिन्याची रजा टाकली.

७ डिसें.
दात घासताना हिरडीतून रक्त. दंडावर निळा वण, कुठं लागलं आठवत नाही. असं होतं म्हणून सांगितलंच होतं. तरी भ्या वाटतं.

८ डिसें.
उजवी मांडी ठणकायलीय. गाठ तर डाव्या पायात! आतल्या बाजूला तळहाताएवढं लाल. परकर घासला तरी आग. ह्यांना सांगितलं नाही. जागा तशी...

९ डिसें.
लाल होतं ते जांभळं. मधे काळपट. साडी नेसताना सासूबाईंनी बघितलं. "नागीण हाय ती. गेरू लावू, उतरंल." ऐकून बरंच वाटलं. नागीण असली तर गोळी सोडायला नको. गेरू लावू दिला.
संध्याकाळी गोळी हातात घेऊन किती वेळ बसले. घेतली अन् हे वाढलं तर? नाही घेतली अन् छातीत...
घेतली.

१० डिसें.
डागावर फोड. मधलं काळं दाबलं तर काहीच कळेना, कडेला मात्र जीव जातो. मेलं की काय तिथलं?
शेवटी ह्यांना दाखवलं. बघतच राहिले. "अन् आज सांगायलीस?" लगेच डॉ. ना फोन. "आजची गोळी देऊ नका. आत्ताच घेऊन या."
चुकवू नका म्हणणारा माणूसच देऊ नका म्हणतोय. निघताना सासूबाई दारात रडायला लागल्या, "मला काय ठावं गं माय."

११ डिसें. परभणी, दवाखाना
नागीण नाही. गोळीचंच. क्वचित एखाद्याला होतं म्हणे, कातडीच्या बारीक नसांत रक्त गोठतं. पातळ करायच्या गोळीनं! गोळी बंद, गाठीसाठी पोटात इंजेक्शनं. "परवाच का नाही आलात?" लाज वाटली म्हणून कसं सांगू.

१२ डिसें.
डॉ. नी काळ्याभोवती पेनानं रेघ मारून ठेवलीय. बाहेर गेलं तर नांदेडला न्यायचं, ती कातडी काढून दुसरी लावायची. सकाळी आत होतं. दुपारी एका बाजूनं रेघेला टेकलेलं.
आता पाच वाजलेत. ह्यांनी चादरीला हात घातला. "बघू का?"
मी हात धरला. म्हणलं, थांबा. डॉक्टर येऊ द्या.