तक्त्यातली खोडलेली ओळ

प्रिय दादा,

चौकशी समितीसाठी तू केलेला मसुदा वाचला. ‘चाचणी अपुरी होती’ हे वाक्य तुझंच, हे कळायला खालची सही बघावी लागली नाही. चाचणी मी केली होती. म्हणजे अपुरी पडले ती मी.

आठ महिने मी त्या गारठलेल्या यंत्रखोलीत स्वेटर घालून बसले. पाच संस्थांचे संगणक एकत्र राबवायचे, तर त्यांना जोडणारं मिडलवेअर, म्हणजे मधलं सॉफ्टवेअर, दोनांपैकी कुठलं घ्यायचं, एवढाच प्रश्न होता. पहिलं फार कटकटीचं. प्रत्येक संस्थेची वेगळी परवानगी, वेगळं प्रमाणपत्र. पण एखादी संस्था मध्येच बंद पडली, तर ते तिथलं काम दुसरीकडे सोपवायचं. दुसरं देखणं आणि सुरू करायला सोपं. फक्त एखाद्या संस्थेचा संपर्क तुटला की तिथलं काम गायब व्हायचं, आणि पडद्यावर मात्र ‘पूर्ण’. वीसदा संपर्क तोडून पाहिला, चौदा वेळा हेच. चाचणीच्या तक्त्यात मी ते ठळक लिहिलं होतं.

तू प्रकल्पप्रमुख. माझ्याच खुर्चीत बसून तू ती ओळ खोडलीस. म्हणालास, “अगं, संचालकांना सोपं तेच पटतं. हे बारकावे नंतर बघू.” मी मान डोलावली. तू माझी शाळेतली गणितं तपासायचास, तेव्हापासूनची सवय.

दुसरंच घेतलं गेलं, आणि मग त्यावर भूकंपाचं गणित चालवणाऱ्या बाईंचं काम गेलं. निवृत्तीआधीचं शेवटचं, सात महिन्यांचं. ‘पूर्ण’ दिसलं म्हणून त्यांनी सगळ्यांना चहा पाजला होता. फाइल उघडली तर निम्मे रकाने कोरे. ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं, “तुला माहीत होतं का गं?” मी नाही म्हटलं. तुझ्यासाठी खोटं बोलले, आणि तू मसुद्यात मलाच पुढे केलंस.

आई म्हणते, भावाची अब्रू जाईल, गप्प राहा. माझी गेली तर, असं विचारलं, तेव्हा ती भाजी निवडत राहिली.

काल बाईंना खरं सांगून आले. सोमवारी समितीपुढे मूळ तक्ता ठेवणार आहे. ओळ खोडली जाताना मी गप्प होते, हेही सांगणार आहे. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तू समजावलं असतंस, आणि मी पुन्हा हो म्हटलं असतं.

अजूनही तुझीच,
धाकटी