नांदीतला निषाद

रत्नागिरी
१२ ऑक्टोबर २००३

प्रिय अपूर्वा,

तुझं पत्र गुरुवारी आलं. सहीच्या वर, घाईत लिहिल्यासारखं, 'यंदा त्रिपुरीच्या नाटकात मला धरू नका, नांदी दुसऱ्या कुणाला तरी द्या' असं आहे. फोन करणार होते. पण फोनवर तू 'बघू गं आई' म्हणून ठेवून देतेस आणि मी इकडे रिसीव्हर हातात धरून, आपण जास्त बोललो की कमी बोललो, याचाच विचार करत बसते. कागदावर तसं होत नाही. खोडता येतं.

तुझ्या गाण्याच्या क्लासच्या सरांनी लिहून दिलेलं नांदीचं नोटेशनही मिळालं. क्लासच्या बैठकीत तू आपल्या गावची नांदी म्हटलीस, सरांनी मधेच थांबवून 'इथला निषाद कुठे गेला?' असं विचारलं आणि मुली हसल्या, हे तू दोन ओळींत उरकलंस. जे दोन ओळींत उरकतेस ते तुला फार लागलेलं असतं, एवढं मला अजून कळतं. कागदाच्या मागे लिहिलं आहेस, 'तुला वाचता येणार नाही, वैदेहीकडून समजून घे.' खरं आहे ते. मला राग आला का, हे मी स्वतःला विचारलं. आला. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत टिकला, मग गेला.

तरी मी प्रयत्न केला. बी.एस्सी. झालेली, मुलांना बीजगणित शिकवणारी बाई मी. मला एक कागद वाचता येऊ नये? ऑर्गनवर कागद ठेवला, हाताला येईल ती पट्टी सा धरली आणि अक्षरागणिक एकेक पट्टी दाबत गेले. सगळी अक्षरं बरोबर आली आणि नांदी काही आली नाही. मग शेजारच्या वैदेहीला हाक मारली. तिने कागदात बघून ती ओळ एकदा म्हटली. तिचं 'अगं काकू, परत म्हणू का' होईपर्यंत माझी वाजवून झाली होती, निषादासकट. म्हणजे कुठला स्वर ते मला कळलं. पण आपल्या ऑर्गनवर तिथे आवाजच नव्हता. माझं बोट त्या पट्टीवर गेलं आणि नुसती हवा फुसफुसली.

ती मुकी पट्टी तुला माहीत आहे. मलाही लहानपणापासून माहीत आहे. आप्पांची लेक मी, त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकले ते त्यांची बोटं बघत आणि चाल ऐकत. त्यांनी कधी कुठल्या स्वराचं नाव घेतलं नाही, 'हां, आता इकडे ये' एवढंच. नाटकातली बाकीची पदं ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे वरखाली होतात, पण नांदी सगळ्यांनी मिळून म्हणायची म्हणून आपल्याकडे ती कायम काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून. आणि काळी एकमध्ये निषाद नेमका त्या मुक्या पट्टीवर येतो. आप्पांचं बोट धैवतावरून, मधला निषाद गाळून, थेट षड्जावर उडी मारायचं, तसंच माझं जायला लागलं. गाव ऑर्गनच्या मागे गात गेलं. चाल सगळीकडे गातात ती जुनीच, शब्द तेवढे आपल्या देवाचे. पण ती उडी आपली होऊन बसली. तुझ्या सरांचा प्रश्न येईपर्यंत मुकी पट्टी आणि ही उडी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या. दोन्ही मला पाठ असून!

काल सकाळी लांज्याहून सखाराम पेटीवाल्याला बोलावलं. त्याने ऑर्गन पडवीत उघडला. बाकीचे पितळी सूर, म्हणजे पट्ट्यांखालच्या पात्या, धुळीने नुसते काळवंडले होते. त्या एका पट्टीखालच्या खाच्यात मात्र कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. इतकं जुनं की दगडासारखं झालेलं. तारेच्या आकड्याने त्याने ते उकरलं, सूर पुसून परत बसवला आणि म्हणाला, 'दाबा ताई.' दाबला. अपू, बाकी सगळ्या स्वरांना वय आलंय, हा एकटा कोवळा वाजतो. वापरलाच नव्हता ना कुणी.

आप्पा आतल्या खोलीत पडून होते. तिथून ओरडले, 'अगो, कोण नवीन आलं?' मी जाऊन सगळं सांगितलं. तुम्ही मुद्दाम निषाद सोडलात का, विचारलं. म्हणाले, 'सोडला असेन. वाजत नव्हता तर काय त्याच्याजवळ बसून राहू?' आणि कूस वळवून झोपले. आपलं नाटक मंडळ चालवणाऱ्या भिकाजीमामांना हे कळलं तर ते पोट धरून हसले. 'म्हंजे मालिनीताय, येवढी वर्सं आमची नांदी कुंभारणीनं बसवलीन म्हणायची!'

हसून झाल्यावर प्रश्न उरलाच. काल रात्रीच्या तालमीत मी निषाद घेऊन वाजवलं. बाकीच्यांनी सवयीने उडी मारली, ऑर्गन एकटाच मागे रेंगाळला. भिकाजीमामा थांबून म्हणाले, 'असं काय पायरीवर पाय आपटल्यासारखं होतंय? आम्ही दम त्या उडीतच तर घेतो.' तेही खरं. त्या जागी सगळे एकदम छाती भरून घेतात आणि सभामंडपात बसलेली माणसं बोलणं थांबवतात, हे मी ऑर्गनमागून कितीतरी वर्षं बघते आहे. तुझ्या सरांचं चुकलं नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस, नोटेशन मन लावून शीक. तू कागदात बघून न ऐकलेलं गाणं म्हणशील तेव्हा मला हेवा वाटेल, आणि मी तो लपवणार नाही. पण शिकण्याआधी तुझ्याकडे काही नव्हतं असं समजू नकोस. पाच वर्षांची असताना गिरणीचा पट्टा सैल झाला की तू दळण घेऊन यायचीस आणि सांगायचीस, आज गिरणी खालच्या सुरात गातेय. ते तुला कुणी लिहून दिलं नव्हतं. आणि मलाही, बाळ, नोटेशन वाचता येत नाही याची लाज वाटत नाही. मी रोज रात्री पानभर लिहिते, दिवसभरात काय चुकलं ते शोधते. ऑर्गनवर बसले की ते शोधणं थांबतं. तिथे मला माझं सगळं येतं.

आता हे पत्र कशासाठी, ते. मंडळाच्या पत्रिका पुढच्या सोमवारी छापायला जातील. नांदीपुढे तुझं नाव आहे, ते मी काढलेलं नाही. काढायचं असेल तर त्याआधी तूच भिकाजीमामांना फोन करून सांग, मी सांगणार नाही. निषाद घ्यायचा की उडी मारायची, हे मंडळाने माझ्यावर सोडलं आणि मी ते तुझ्यावर सोडते आहे, कारण पहिली ओळ तू एकटी म्हणतेस आणि बाकीचे ती तुझ्याकडून उचलतात. तू जे गाशील ते पुढे गावाचं होईल. दोन्ही बरोबर आहेत, असं मी खूप उलटसुलट विचार करून म्हणते आहे, तुझी समजूत काढायला नाही. फक्त काय ठरवलंस ते मला आधी कळवू नकोस, तालमीलाही आली नाहीस तरी चालेल. त्या जागेआधी तू श्वास घेशील ना, तो मला ऐकू येतो, आणि तू कुठे जाणार ते त्यावरून कळतं. माझ्या बोटांना तेवढा वेळ पुरतो.

वाट बघत नाही, येशील हे धरूनच चालले आहे.

तुझीच,
आई