देवपूरची कॅसेट

जळगाव
दि. ९ ऑक्टोबर १९७७

प्रिय मुख्तार यास,
झुलालभाऊचा सलाम व आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. आईचे गुडघे दुखतात, बाकी तब्येत बरी. घरी नूरबी खालांना माझा सलाम सांग. तुझं शिवणकाम कसं चाललंय? दिवाळी तोंडावर आली, म्हणजे तुला मान वर करायलाही वेळ नसेल. आमच्याकडे पुखराज शेठजींनी दाल मिलमध्ये नवी चाळणी बसवली. आवाज इतका, की घरी आल्यावरही बराच वेळ कानात तीच चालू राहते.

पत्र लिहायचं कारण लहानच आहे. आपल्या भिकनची कॅसेट, जानेवारीत त्या ग्रीन सिग्नल्स बँडचा जळगावला कार्यक्रम झाला त्याची, ती मी अधूनमधून लावतो. मला त्या संगीतातलं काही कळत नाही, तुला माहीत आहे. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली चार पोरं इंग्रजीत ओरडतात, एवढंच मी इतके दिवस समजत होतो. आता ऐकून ऐकून थोडं लक्षात येऊ लागलंय. रेल्वेवरचं ते तिसरं गाणं चांगलं आहे. सुरुवातीला नुसता ड्रम वाजतो, मालगाडी सुटताना डबे एकामागून एक ओढले जातात तसा.

त्यानंतर महिन्याभराने तुमच्या धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात त्यांचाच कार्यक्रम झाला, तो तू रेकॉर्ड केला होतास. कुठला चांगला यावरून तुमची किती भांडणं व्हायची! आमच्या ओट्यावर बसून तू म्हणायचास, "जळगावात ते झोपून वाजवत होते, धुळ्यात जागे झाले." भिकन म्हणायचा, "तुमच्याकडे त्यांना घरी जायची घाई होती." मग चहा थंड व्हायचा आणि आई दोघांनाही बोलायची. मी आत जेवत असायचो. मला कोणी विचारलं नाही आणि मीही बाहेर आलो नाही.

तर आता वाटतं, दोन्ही रेकॉर्डिंग एकदा शेजारी ठेवून ऐकावीत. तुझी देवपूरची कॅसेट काही दिवसांसाठी देशील का? मूळ द्यायची नसेल तर उतरवून दिलीस तरी चालेल. एस.टी.च्या कंडक्टरजवळ दिलीस की मी स्टँडवरून घेईन.

आषाढात तू आलास, भिकनला खांदा दिलास आणि पाणीही न पिता गेलास. त्या दिवशी तुझ्याशी बोलायला हवं होतं. मला सुचलं नाही.

तुझा,
झुलालभाऊ


जळगाव
दि. ३० ऑक्टोबर १९७७

प्रिय मुख्तार,
सलाम व आशीर्वाद.

कॅसेट पोचली. कंडक्टर ओळखीचा निघाला, पारोळ्याचा आहे. तू दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, खिडकी लावून, वर गोधडी टाकून ती उतरवली असशील, तरी पाचव्या गाण्यात खाला तुला जेवायला हाक मारतात आणि त्यानंतर दार आपटल्याचा आवाज येतो. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

दोन्ही कॅसेट ऐकल्या. मिलमधून आलो की हातपाय धुऊन एक बाजू जळगावची, मग तीच गाणी धुळ्याची. तू म्हणायचास ते खरं दिसतं. तुमच्याकडे ते जास्त वेगात वाजवतात. तिसरं गाणं जळगावला मालगाडी आहे, तर धुळ्याला मेल. गाणाऱ्याचा आवाजही धुळ्याला उंच लागलाय. भिकनला ते का आवडत नव्हतं, कळत नाही. तो म्हणायचा, "जळगावचं भरलेलं आहे." म्हणजे काय, ते आता कोणाला विचारणार.

एक गोष्ट मात्र आहे. तुझ्या कॅसेटमध्ये प्रत्येक गाणं संपलं की कातरीने कापल्यासारखं एकदम तुटतं आणि पुढचं सुरू होतं. जळगावच्या कॅसेटमध्ये तसं नाही. टाळ्या, खुर्च्या, कोणीतरी शिट्टी मारतं, सगळं आहे. उतरवताना तू मध्ये मध्ये बंद केलंस का?

मुख्तार, मी मागच्या पत्रात सरळ लिहिलं नाही. मला ती दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवायची नव्हती. म्हणजे ठेवली, पण त्यासाठी कॅसेट मागितली नव्हती.

जळगावच्या कार्यक्रमात टेपरेकॉर्डर भिकनच्या मांडीवर होता. रेकॉर्डिंग चालू असताना तो शेजारच्यालाही बोलू द्यायचा नाही, स्वतः तर श्वाससुद्धा जपून घ्यायचा. अख्खी कॅसेट तो तिथे बसलेला आहे आणि त्याचं एक अक्षर नाही. मी टाळ्यांमध्येही शोधलं. पण देवपूरला यंत्र तुझ्याकडे होतं, त्याच्या जिवाला घोर नव्हता. तू ओट्यावर त्याच्यावर चिडला होतास ते मी आतून ऐकलं होतं, "तुझ्या बडबडीने माझी टेप नासली." तो म्हणाला, "तू काय टेप करणार! वाळवलेल्या सेलवर कार्यक्रम उतरवतोस." संपत आलेले सेल पुन्हा थोडे चालावेत म्हणून तू गच्चीवर खालांच्या मिरच्यांशेजारी उन्हात ठेवले होतेस आणि खाला मिरच्यांबरोबर तेही सुपात भरून खाली घेऊन आल्या होत्या, ते सांगताना तो इतका हसला की त्याला बोलवेना.

आपल्याकडे त्याचे फोटो आहेत. मॅट्रिकचा आहे, मामाच्या लग्नातला आहे. फोटो बघून चेहरा आठवायचा प्रश्न येत नाही. आवाजाचं तसं नाही. परवा आईने विचारलं, "तो मले हाक कशी मारे?" मी तशी मारून दाखवायला गेलो आणि माझाच आवाज निघाला.

म्हणून गाण्यांच्या मधलं पाहिजे. तू ते का गाळलंस ते मी विचारत नाही. पण मूळ कॅसेट दे. मी जपेन.

झुलाल


जळगाव
दि. २७ नोव्हेंबर १९७७

प्रिय मुख्तार,
अनेक आशीर्वाद.

मूळ कॅसेट दिवाळीच्या आदल्या दिवशी मिळाली. सोबतची चिठ्ठीही. "भाऊ, शेवटच्या गाण्याआधीचं ऐकू नका, आम्ही पोरं होतो, काहीही बोलायचो," असं तू लिहिलंस, आणि खाली जानेवारीत ग्रीन सिग्नल्स पुन्हा देवपूरला येणार आहेत, अशी तारखेसकट एक ओळ. इतके दिवस उत्तर दिलं नाही म्हणून तुला वाटलं असेल, मी तेच ऐकून रागावलो. तसं नाही. खरं म्हणजे मला त्यातलं काही कळलंच नव्हतं.

घडलं ते असं. कॅसेट आली म्हणून मी बाजारातून नवे सेल आणले. आईला स्वयंपाकघरातून बोलावून पाटावर बसवलं. तिने पदर सारखा केला, जसं कोणी भेटायलाच येणार आहे. गाणं संपलं, टाळ्या झाल्या आणि दोघं बोलायला लागले. भरभर, बारीक, चिमण्या भांडतात तसे. एक शब्द धड लागेना. मी मागे घेऊन पुन्हा लावलं. आई ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "हाऊ मना भिकन नही. हाई कोन्हं तरी लहान पोरगं शे." आणि उठून आत गेली. तिच्या चकल्या तळायच्या राहिल्या होत्या.

मलाही तो भिकन वाटला नाही. तुझा मला राग आला. वाटलं, तू दुसरीच कुठली कॅसेट दिलीस. मी ती कपाटात ठेवून दिली आणि भाऊबीज झाल्यावर पुन्हा आपली जळगावचीच लावू लागलो. त्याचा आवाज नसला तरी तो तिथे बसलेला तर आहे, असं म्हणून.

मागच्या रविवारी सुट्टी होती. दुपारी मी जळगावची लावली तर तिसरं गाणं ओढल्यासारखं चालायला लागलं. गाणारा म्हातारा झाला होता. सेल उतरले होते, रोज लावून लावून. नवे आणायला निघालो, चपलाही घातल्या, आणि दारातच तुझे ते मिरच्यांशेजारचे सेल आठवले.

मुख्तार, तू वाळवलेल्या सेलवर रेकॉर्ड केलंस. त्या दिवशी तुझं यंत्र हळू चाललं होतं. हळू भरलेलं आम्ही नव्या सेलवर जोरात पळवत होतो. त्यात तो बारीक पोरासारखा नाही वाटणार तर काय? तुम्ही दोघांनी ते कितीदा ऐकलं असेल, पण टेपवर आपला आवाज असाच ओळखू येत नाही म्हणून सोडून दिलं असेल.

चपला काढल्या. त्याच उतरलेल्या सेलवर तुझी कॅसेट लावली.

पहिल्यांदा गाणाऱ्याचा आवाज खाली आला, जळगावला होता तसा. ठेका तोच. मालगाडी तीच. म्हणजे तुमच्याकडे ते जागे झाले नव्हते आणि आमच्याकडे झोपले नव्हते, दोन्ही ठिकाणी सारखंच वाजवत होते. भिकन हे ऐकायला असता तर तुला चार पानी पत्र आलं असतं, त्यातली तीन पानं शिव्यांची.

मग शेवटच्या गाण्याआधीच्या टाळ्या. मग तू म्हणतोस, "तुझ्या भाऊला आणायचं होतं की."

भिकन नुसता हसतो.

"तुझा भाऊ म्हणजे यार, तुरीचं पोतं. ठेवलं तिथे राहतो."

आणि भिकन म्हणतो, "पोतं नाही रे. त्याला कोणी विचारतच नाही. विचारलं तर येतो तो." थोडं थांबून, "पुढच्या वेळी विचारतो मी." मग कोणीतरी शूः करतं आणि गाणं सुरू होतं.

तो त्याचाच आवाज. "विचारलं तर" म्हणताना जरा नाकात. मी ते विसरलो होतो. कधी लक्षात तरी घेतलं होतं का, तेही सांगता येत नाही.

आई केव्हा येऊन दाराशी उभी राहिली मला दिसलं नाही. मी पुन्हा लावलं. तिने चौकट धरून ऐकलं आणि म्हणाली, "हाऊच शे." मी अजून एकदा लावायला गेलो तर तिनेच हात धरला. "ऱ्हाऊ दे. ते संपी जातीन." सेल म्हणायचं होतं तिला.

तुरीच्या पोत्याचं मनावर घेऊ नकोस. दाल मिलमधला माणूस, दुसरं कसलं पोतं म्हणणार? शेठजींनाही मी ते सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "झुलाल, तू इतने दिन में पहली बार कुछ बोला." मिलमध्ये तरी बोलायला काय असतं. चाळणी चालू असते.

ते सेल मी यंत्रातून काढून आईच्या पितळी डब्यात ठेवलेत. घरात कोणाला टॉर्चमध्येही घालू देत नाही. आता त्यांच्यात किती जीव उरलाय माहीत नाही. एकदा ऐकण्यापुरता असेल, किंवा तेवढाही नसेल. गेलेच, तर तुझ्या गच्चीवरचं ऊन आहेच.

तुझी कॅसेट मी कंडक्टरजवळ देणार नाही. तिला मध्ये काही झालं तर मी काय करू? तू दोन्ही यंत्रं समोरासमोर ठेव, माझ्यासाठी ती पुन्हा नीट उतरवू, मधलं काही न गाळता. खालांना त्या वेळी हाक मारू नका म्हणून सांगायचं, किंवा मारू देत, तीही राहील. त्यासाठी कोणीतरी कॅसेट आणि डबा घेऊन धुळ्याला यायला हवं.

तू कार्यक्रमाची तारीख लिहिलीस. कॉलेजच्या मैदानात आहे, संध्याकाळी आहे, हेही लिहिलंस. पुढे काही लिहिलं नाहीस. मी ती चिठ्ठी उलटून मागूनही पाहिली.

भिकन विचारणार होता. ते त्याचं राहिलं.

तू विचारून बघ.

झुलाल