कंदील उतरवायची संध्याकाळ

तलासरी, ७ जानेवारी

प्रिय आई,

कालचा नाताळातला शेवटचा, तीन राजांचा सण गोड झाला ना? पप्पांचा खोकला कसा आहे?

काल संध्याकाळी नाताळचा चांदणीचा कंदील उतरवायला मी स्टुलावर चढले, तोच शेजारची बायजी धावत आली. "सिस्टर, सुनेला कळा लागल्यात!"

ॲम्ब्युलन्सवाल्याला आमचा पाडा सापडेना. मी फोनवर म्हटलं, "टेकडीवर चांदणी दिसते ना? तिथेच या." तो बरोबर आला. दवाखान्यात पोचताच मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत.

बायजीने बजावलंय, "पाचवी पुजेपर्यंत चांदणी काढायची नाय!" मी ऐकलं.

नाताळात एकटं वाटलं म्हणून घराजवळ बदलीचा अर्ज लिहिला होता. तो आज सकाळी फाडला. पप्पांना तूच समजावून सांग.

तुमची,
जेसिंता