सुई कुलपाला टोचली का?

१४ मे, संध्याकाळी पावणेसात. धारूर स्टँडवर एसटीची वाट बघत लिहितोय.

आज वाडीतल्या बायकांना उपकेंद्राचं लसीचं रजिस्टर तपासायला शिकवायला गेलो होतो. रकाने सगळे भरलेले. मी सगळं बरोबर असल्याचा हिरवा शेरा मारणार, तेवढ्यात त्यांच्यातल्या मुक्ताबाई म्हणाल्या, "थांब रे लेकरा. माझ्या नातीची तारीख वाच."

"दहा डिसेंबर."

"तव्हा आमी ऊस तोडाया गेलतो. पोरगी कारखान्यावर, माझ्यापाशी पाचटाच्या कोपीत व्हती. हितं घराला कुलूप. सुई कुलपाला टोचली का?"

बायका खो खो हसल्या. मला हसूच येईना. मुक्ताबाईंना अक्षर येत नाही. मी नववी शिकलेला, काना-मात्रा दोनदा तपासणारा. मला ते कुलूप कसं दिसलं नाही?

मग मी नावं वाचत गेलो आणि तेव्हा कोण कोणत्या कारखान्यावर होतं ते मुक्ताबाई सांगत गेल्या. एकदाही अडखळल्या नाहीत. सात पोरं लसीविना निघाली. रजिस्टर घेऊन आलेल्या उपकेंद्राच्या नर्सताई खाली मान घालून म्हणाल्या, "परवा सगळ्यांना देते."

निघताना मी म्हणालो, "परवा नात लई रडंल."

"रडू दे," मुक्ताबाई म्हणाल्या. "ती रडली की मंग ताईला तारीख लिहू दे."