ठमी ठीक आहे

अगं, आधी हे वाच. ठमी ठीक आहे. डॉक्टरांना दाखवलं, आता शेजारच्या काकूंकडे झोपलीय.

सकाळी तिला पाळणाघरात सोडायचं विसरून मी थेट छापखान्यात गेलो. ती मागच्या सीटवर झोपली होती. मशीन बंद पडल्याचे फोनवर फोन येत होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. दहा मिनिटांनी गाडीत राहिलेला चष्मा घ्यायला गेलो, म्हणून उन्हातल्या बंद गाडीत दिसली. नुसत्या चष्म्यासाठी गं!

तुझ्यासमोर तोंड उघडलं नसतं, म्हणून लिहितोय. उरलेलं काम संपवायला बसने जातोय, गाडीची किल्ली तुझ्याकडेच ठेव. उद्यापासून तिला मांडीवर घेऊन बसनेच नेईन. सोडलं की फोन करेन. नऊपर्यंत आला नाही, तर तू कर. मी उचलेपर्यंत करत राहा.