बाबांची गाडी आता बंद पडत नाही

प्रिय छोट्या,

बाबांनी गाडी दुरुस्त केली. फोनवर सांगितलं असतं, पण ते शेजारच्याच खोलीत असतात, आणि तू फोनवर नुसतं "बघतो" म्हणतोस. म्हणून गॅरेजचे मिस्त्री तुझ्याकडच्या बाजाराला निघालेत, त्यांच्या हाती हे देतेय.

त्या म्हाताऱ्या गाडीत बाबांनी व्हॅनचं मोठं इंजिन बसवून घेतलं, तेव्हापासूनचं तिचं रडगाणं तुला ठाऊकच आहे. बॉनेटखाली जागा उरली नाही आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टला खेटून गेली. इंजिन तापलं की नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची, पंप नुसती वाफ ओढत बसायचा आणि गाडी ठप्प. मग आई पंपावर ओलं फडकं टाकायची आणि आपण रस्त्याकडेला गप्पा मारत बसायचो.

बाबांचं विसरणं किती वाढलंय, हे मी तुला अर्धंच सांगत आले. गॅस चालू राहतो. कधी कधी मला ते आत्या समजतात. तरी किल्ली काढून घ्यायचा धीर होईना, कारण खरं सांगू, गाडीच त्यांना सांभाळत होती. कुठेही निघाले तरी पुलाशी ती तापून बंद पडायची, आणि तिथला पंक्चरवाला मला फोन करायचा.

गेला आठवडाभर ते गाडीखाली होते. माझं नाव चुकतं, हात चुकले नाहीत. नळी एक्झॉस्टपासून लांब नेली, मध्ये पत्र्याचा आडोसा ठोकला, टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवला. मिस्त्रींनी तोंड भरून कौतुक केलं. मला ते ऐकवेना.

काल भर उन्हात बाबा निघाले. मी फोनची वाट बघत बसले. पंक्चरवाल्याचा फोन आला खरा, पण तो म्हणाला, "ताई, काका आज थांबलेच नाहीत." अंधार पडता पडता आले. पुढचा दिवा फुटलेला, दारावर लांबलचक ओरखडा. कशाला घासली, त्यांना सांगता येईना.

किल्ली मी लपवली, पण ते मागतच नाहीत, म्हणजे दुसरी त्यांच्यापाशी आहे. आज त्यांनी डब्याने पेट्रोल आणून टाकी भरली. मागच्या सीटवर तुझा लहानपणीचा स्वेटर घडी करून ठेवलाय. घाटापलीकडच्या तुझ्या बोर्डिंग शाळेत जायचंय म्हणे. "परवा सुट्टी लागते. पोराला आणायला नको का?" तू आता चांगला मोठा बाप्या झालास म्हटलं, तर माझ्याकडे बघून हसले. छोट्या, ते तुला आणायला निघायच्या आत तू घरी ये.

तुझी वाट बघणारी,
तुझीच ताई